बाळसं की सूज?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जामखेडकडच्या एका वाडीवर बचतगटाच्या बैठकीला गेले होते. एक आजी दोन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या. "बघा की ताई, कसं बाळसं धरलंय!" मी कौतुकानं त्याचं पाऊल हातात घेतलं. अंगठ्यानं जरा दाबलं, तर पडलेला खळगा भरेचना. ते बाळसं नव्हतं, सूज होती! पाठचं भावंड झाल्यावर त्याचं अंगावरचं दूध तुटलं होतं. तेव्हापासून चहात बुडवलेली भाकरी नाहीतर बिस्किट, एवढंच त्याच्या पोटात जात होतं.

"पण पोट तर भरतंय ना?" आजींनी विचारलं.

मैत्रिणींनो, पोट भरणं वेगळं आणि अंग पोसणं वेगळं. अंग पोसायला प्रथिनं लागतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळच समजा. अमिनो आम्लांचे २० प्रकारचे मणी. कुठल्या माळेत कोणता मणी कितवा, हे जनुकांत लिहिलेलं असतं. पेशीतले रायबोसोम नावाचे चिमुकले कारागीर त्याप्रमाणे माळ ओवतात. मग ती माळ दुमडून ठरावीक आकार घेते आणि जसा आकार, तसं तिचं काम. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, एन्झाइम्स अन्न पचवतात, अँटिबॉडीज रोगजंतूंशी लढतात, इन्शुलिन साखरेचा निरोप पेशींना पोचवतं. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी धरून ठेवतं. ते फार कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि अंग सुजतं. अर्थात सुजेची इतरही कारणं असतात, म्हणून त्या मुलाला आम्ही लगेच दवाखान्यात नेलं.

या २० पैकी ९ मणी शरीराला बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. ज्वारी-बाजरीत लायसिन हा मणी कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. म्हणजे आपलं भाकरी-पिठलं, वरण-भात, मटकीची उसळ ही जोडी किती शहाणपणाची! जोडीला दूध, शेंगदाणे, जमलं तर अंडं. त्यासाठी महागडा डबा आणायला नको.

हे समजायला पदवीही लागत नाही. याच जामखेडात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या बायका घरोघरी जाऊन आयांना आहार समजावू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि हो, स्वतःच्या ताटाकडेही बघा! ५० किलो वजनाच्या बाईला रोज साधारण ४२ ग्रॅम प्रथिनं लागतात, गरोदर आणि अंगावर पाजणारीला त्याहून जास्त. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत ती २२ ग्रॅमच्या आसपास असतात. सगळ्यांची जेवणं उरकून आपण चटणी-भाकरीवर भागवतो, तेव्हा हा हिशेब कोण करतं?

तो मुलगा दवाखान्यातून घरी आला, तेव्हा सूज उतरून अगदी काटकुळा दिसत होता. आजी हिरमुसल्या. म्हटलं, "आजी, हा खरा तुमचा नातू. आता याला बाळसं आणू."