काळ्या मातीवर घर बांधताना

उन्हाळ्यात काळ्या रानाच्या भेगांत पाय जातो आणि पावसाळ्यात तीच माती पायातली चप्पल ओढून घेते. ही माती आपल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तो बनला. पुढे तो झिजला आणि बारीक माती उतारावरून खाली वाहत गेली. म्हणून माळावर वीतभर बरड, खाली मुरूम. तर भीमा, गोदावरीच्या खोऱ्यांत पुरुषभर काळी. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. मुरलेली ओल मात्र धरून ठेवते. त्या ओलीवरच सोलापूरकडची शाळू थंडीत पिकते. (रंग काळा म्हणून खत भरपूर, हा समज खोटा. तिच्यात कुजलेला पालापाचोळा बेताचाच असतो.)

पण पिकाला मानवते ते भिंतीला मानवत नाही. हातावर पोट असणाऱ्याने कर्ज काढून दोन खोल्या बांधाव्यात आणि दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला तिरक्या चिरा पडाव्यात! अशा वेळी गवंड्याला बोल लावण्याआधी पाया पाहावा. काळी उकरून पाया मुरमावर टेकवावा. मुरूम फार खोल असेल, तर खालच्या टोकाला फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनीत घेतात. ते काम जाणकार अभियंत्याला विचारूनच करावे. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नये आणि मोठे झाड भिंतीपासून लांबच लावावे, कारण त्याची मुळे पायाखालची ओल शोषतात.