तंबाखूचे पान कसे घडते?

कोगनोळी-निपाणीच्या रानात तंबाखू कळीवर आली की शेंडे खुडण्याची घाई सुरू होते. शेंडा खुडला की पाने भरतात; पण बगलेतून फुटवे येतात आणि तेही पुन्हा पुन्हा काढावे लागतात. ज्या पानाच्या भावासाठी १९८१ साली येथील शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले, ते पान मुळात घडते कसे?

शेंड्याच्या टोकाशी सतत विभागणाऱ्या पेशींचा लहानसा पुंजका असतो. तेथे 'नॉक्स' गटातील जनुके जागी असतात. त्यांच्यामुळे वाढ चालू राहते. ज्या जागी पान उगवायचे असते, तेथे ती आधी निजतात आणि मग पानाचा उंचवटा दिसू लागतो. म्हणूनच शेंडा वाढत राहतो. पान मात्र ठराविक आकाराला येऊन थांबते.

याचा पडताळा तंबाखूवरच मिळाला. १९९३ साली नीलिमा सिन्हा, सारा हेक आदी संशोधकांनी मक्यातील 'नॉटेड-१' हे जनुक तंबाखूच्या पानातही जागे ठेवले. तेव्हा चक्क पानावर नवे कोंब फुटले!

पानाची रुंदी निराळी जनुके ठरवतात. तंबाखूच्या एका रानटी पूर्वज जातीत 'लॅम-१' हे जनुक बिघडले, तर पाते पसरत नाही. उरते जवळजवळ केवळ मधली शीर.

आता खुडणीचे कोडेही उलगडेल. शेंडा गेला तरी बगलेच्या डोळ्यांत वाढीची तीच जनुके जागी असतात. शेतात दिवसभर वाकून बाया फुटवे काढतात, तेव्हा त्यांची गाठ पडते ती या जनुकांशीच.