वाशीच्या तलावातले पिसांचे डायनासोर

पक्षी हे डायनासोरांचेच वंशज. त्यामुळे पाण्यातला पिसांचा डायनासोर पाहायला वाशी परिसरातला भरलेला तलाव पुरेसा आहे. तिथला पाणकावळा जरूर निरखावा. त्याच्या पिसांची बाहेरची कड भिजते, अडकलेली हवा निघून जाते, अंगाचा तरंगण्याचा जोर घटतो आणि बुडी सोपी होते; कातडीलगतचा थर मात्र कोरडाच राहतो. पायाची चारही बोटं पडद्यानं जोडलेली, बदकाची तीनच! बाहेर आल्यावर तो पंख पसरून वाळवतो. तलावातल्या टिबुकली या दुसऱ्या पाणपक्ष्याचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात.

पाण्यात वावरणारा डायनासोर पूर्वीही असावा: मंगोलियातल्या हाल्स्कारॅप्टर या डायनासोरचं वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. लांब मान आणि वल्ह्यासारखे पुढचे अवयव पाहून संशोधकांनी त्याला पोहणारा मानलं; त्यावर मतभेद आहेत. डायनासोरांच्या काळाशी वाशीचंही नातं आहे: वाशीच्या पायाखालचा बेसाल्ट खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे पक्षी सोडून बाकीचे डायनासोर संपले त्याच सुमाराचा.