टायर जाड घ्यावा की बारीक?

दोस्तांनो, समजा दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चौघांनी लोहाऱ्याहून नळदुर्गला सायकलवर जायचं ठरवलं. किल्ल्यातला पाणीमहाल बघायचा, बोरी नदीच्या काठी बसून भाकरी-ठेचा खायचा, एक मुक्काम करायचा आणि परत यायचं. घरून परवानगीही मिळाली (सगळ्यात अवघड काम ते!). आता मागचा टायर पार गुळगुळीत झालाय, तो बदलायला हवा. सायकलच्या दुकानात गेलात की भांडण ठरलेलं. एक म्हणणार, "बारीक घे, हलका पळतो." दुसरा म्हणणार, "जाड घे, पंक्चर होत नाही." गंमत अशी, की दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सायकलीच्याही आधीचा बरं का! लाकडी चाकाच्या बैलगाडीला लोहार लोखंडी धाव चढवायचा. धाव तापवायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं, म्हणजे ती आकसून चाकाला घट्ट आवळते. धाव मजबूत, पण अरुंद. भरलेली गाडी काळ्या रानातून गेली की चाकं रुतायची आणि दोन खोल चर पडायचे. 'चाकोरी' म्हणतात ती हीच. पुढे गाड्यांना हवेचे रबरी टायर आले, ओझं जास्त जागेवर पसरलं आणि गाडी रुतणं कमी झालं.

सायकलला हवेचा टायर मिळाला तो एका मुलामुळे. बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार खडखडते म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. म्हणजे टायरमध्ये खरं काम करते ती हवा. रबर तिला फक्त धरून ठेवतं.

आता एक हिशेब करू. तुमचं वजन ४५ किलो, सायकल १८ किलो, सामान ७ किलो. झाले ७०. यातला साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे ४२ किलो. टायरमध्ये ४० पाउंड हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो दाब झाला. मग ४२ किलो पेलायला टायरला किती जागा टेकवावी लागेल? ४२ भागिले २.८, म्हणजे १५ चौरस सेंटिमीटर. टायर जाड असो की बारीक, हवा तेवढीच असेल तर जमिनीला टेकणारी जागाही जवळजवळ तेवढीच! फरक पडतो तो आकारात. बारीक टायरचा ठसा लांबट, जाड टायरचा आखूड आणि रुंद.

खोटं वाटतंय? टायरच्या तळाला पाण्यात कालवलेला रंग लावा, खाली आलेखाचा कागद ठेवा, एकाने सीटवर बसा, दोघांनी सायकल सरळ धरा. मग ठशातले चौकोन मोजा. मित्राच्या सायकलला तेवढीच हवा भरून तिचाही ठसा घ्या.

लांब ठसा म्हणजे टायर जास्त चेपला जातो, आणि दर फेऱ्यात रबर चेपण्या-सुटण्यात तुमच्या पायांचं बळ वाया जातं. म्हणून सारख्याच हवेत जाड टायर जड तर पळत नाहीच, उलट थोडा हलका पळतो. बारीक टायर वेगवान वाटतो, कारण त्यात हवा खूप कडक भरलेली असते. पण कडक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि तुमचं अंग खिळखिळं करतो. मोठमोठ्या शर्यतींतले सायकलपटू १९९० च्या दशकात २० ते २३ मिलिमीटरचे टायर वापरत. आज तेच लोक गुळगुळीत डांबरावरही २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर लावतात. जाड टायर जड असतो, चढावर ते जाणवतं, हे खरं. पण पाठीवर दप्तर आणि कॅरिअरवर पांघरूण असताना त्या दोन-चारशे ग्रॅमचं काय एवढं कौतुक!

म्हणून टायर निवडताना वाटेतला सगळ्यात वाईट तुकडा डोळ्यांसमोर आणा. सगळा रस्ता डांबरी आणि सामान थोडं असेल, तर ३२ ते ३७ मिलिमीटर भरपूर झाले. मध्ये मुरूम, खडी, पाणंद आली आणि मुक्कामाचं सामानही असलं, तर ४०च्या आसपास. आपल्या साध्या काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ टायर नेमका एवढाच असतो! दूधवाल्यांनी त्यावर वर्षानुवर्षं कॅन वाहिले ते उगीच नाही. नुसत्या गाडीवाटेनेच जायचं असेल तर ५० मिलिमीटरही चालेल, पण गोट्यांची नक्षी नको. डांबरावर ती नुसती गुणगुणते आणि दमवते.

बाभळीचा काटा मात्र जाड-बारीक बघत नाही. जाड टायर वाचवतो तो वेगळ्या पंक्चरपासून. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळलं, की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. बारीक टायरमध्ये हे पटकन होतं.

मग सर्वांत जाड टायरच का घेऊ नये? कारण काळी माती! परतीचा पाऊस झाला की ती टायरला लपेटून मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक जागच्या जागी थांबतं. टायर जेवढा जाड, तेवढी चिमट्यातली फट कमी. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळे हवेत. अर्थात खऱ्या चिखलात कुठलाच टायर टिकत नाही. तिथे सायकल खांद्यावर घ्या.

दुकानात एक फसगत मात्र टाळा. टायरच्या कडेला २६ × १ १/२ लिहिलंय की २६ × १.५० हे नीट वाचा. गणिताच्या तासाला दोन्ही सारखे, पण पहिल्याच्या रिमचा व्यास ५८४ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५५९! एकाच्या जागी दुसरा बसणारच नाही. म्हणून तिथेच छापलेला '४०-६३५' असा जोडआकडा बघा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुसरा आकडा जुन्या टायरशी तंतोतंत जुळला पाहिजे, पहिल्यात थोडं कमी-जास्त चालतं.

आणि हवा? किती पाउंड भरायची तेही टायरवरच छापलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका. निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळं सामान बांधून सायकलवर बसा आणि मित्राला मागच्या टायरकडे बघायला सांगा. तळाशी टायर किंचित फुगलेला दिसला तर ठीक. रिम जमिनीकडे झुकलेली दिसली तर पंप आणा. पुढच्या चाकात थोडी कमी हवा चालते, तिथे भार कमी असतो.

एक जादा ट्यूब मात्र चौघांत मिळून ठेवा. चौघांची चाकं एकाच मापाची असतील, तर एकीत भागतं.