आईच्या दुधातील विरजण

दुधाला विरजण लावले की सकाळी दही तयार होते, हे आपल्या घरांतील लहान मुलींनाही ठाऊक असते. ही करामत चमचाभर विरजणातील असंख्य सूक्ष्म जिवाणूंची. जंतू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. परंतु सर्वच जंतू वैरी नसतात. असे काही हितकारक जिवाणू आईच्या दुधातही असतात, ही गोष्ट आम्हांस येथे वाचकांपुढे मांडावयाची आहे.

निरोगी मातेचे दूध जंतुविरहित असते, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ समजूत होती. २००३ साली स्पेनमधील संशोधकांनी निरोगी मातांच्या दुधातून लॅक्टोबॅसिलस जिवाणू वेगळे करून दाखविले. दही लावणाऱ्या जिवाणूंच्याच गोतातले हे जिवाणू होत. दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात त्या दुधाबरोबर एक लाख ते एक कोटी जिवाणू जातात, असा अंदाज आहे.

आता दुसरे नवल पाहा. लिटरभर आईच्या दुधात ५ ते १५ ग्रॅम अशा शर्करा असतात की, त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्यांचे प्रयोजन काय? त्या बाळाच्या आतड्यातील बायफिडो नावाच्या मित्रजिवाणूंचे अन्न होत. त्यांवर पोसून हे जिवाणू आम्ल तयार करतात, आणि त्या आंबट वातावरणात रोगजंतूंना मूळ धरणे कठीण जाते. म्हणजे आई विरजणही देते व त्या विरजणाचा खुराकही देते!

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांतील पिवळसर, दाट चीक तर विशेष मोलाचा. त्यात या शर्करा अधिक असतात. शिवाय रोगप्रतिकारक द्रव्येही भरपूर असतात. आमच्या पहिल्या अपत्याच्या वेळी घरातील वडीलधाऱ्या बायांनी हा चीक 'बाळाला जड' म्हणून पिळून टाकविला व बाळाला मध चाटविला. त्यांच्या मायेत तिळमात्र खोट नव्हती. पण आम्ही पदवीधर शिक्षक असूनही गप्प बसलो, याची खंत आजही वाटते.

म्हणून आमची विनंती एवढीच. जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी घ्यावे. चीक टाकू नये. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये; पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे वा अधिक काळ अंगावर पाजावे. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच चाटवू नये. त्यातून क्वचित घातक विषबाधा होते. काही कारणाने एखाद्या मातेला पाजता आले नाही, तर तिला बोल न लावता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरातील आजी, मावशी, फुफू यांचा शब्द बाळंतिणीपाशी चालतो. ही माहिती त्यांच्या कानी घातली, तर आपल्या घरी जन्मणाऱ्या पुढल्या बाळाच्या वाट्याचा चीक वाया जाणार नाही.