जुन्या सेलची पूड हळदीला?

परवा गोरेगावातले एक शेतकरी आजोबा माझ्याकडे आले. सोबतच्या नातवाचे हात कोपरापर्यंत काळे. "डॉक्टरसाहेब, जुने सेल फोडून पूड हळदीला टाकावी म्हणलो. त्यात जस्त असतं म्हणे. चालंल का?"

म्हणणे अगदीच खोटे नव्हते. टॉर्चच्या साध्या सेलचे डबडे जस्ताचे असते, तर आतल्या काळ्या पुडीत मँगेनीज. दोन्ही पिकाला लागणारी सूक्ष्म अन्नद्रव्ये. फिनलंडच्या ट्रेसग्रो कंपनीने वापरलेल्या अल्कलाइन सेलपासून खत तयार करण्याची पद्धत बसवली आहे. पण त्यात घातक धातू आधी वेगळे काढावे लागतात.

घरी ही शुद्धी कशी होणार? रिचार्ज होणाऱ्या काही सेलमध्ये कॅडमियम, गाडीच्या बॅटरीत शिसे असते. कॅडमियम मातीतून पिकात उतरते व मूत्रपिंडे बिघडवते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. म्हणूनच १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने झिंक सल्फेटमधील शिशावर ०.००३ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

तेव्हा आधी माती परीक्षण करावे. जस्त कमी निघाले तर प्रमाणित झिंक सल्फेटच वापरावे. सेल फोडू नयेत, जाळू नयेत. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

नातवाचे हात साबणाने धुववले. पूड डब्यात बंद करून ठेवायला सांगितली. शेवटी शेतातली हळद आपल्याच भाजीत पडते!