नामांकित कंपनीचे स्वस्त शाईपेन घेताना काय पाहावे?

लॅमी ही जर्मनीतील हायडेलबर्गची कंपनी. तिच्या १९६६ सालच्या ‘लॅमी २०००’ आणि १९८० मध्ये आलेल्या ‘सफारी’ या पेनांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक आहे. मग स्वस्त पेन घेताना आपण काय गमावतो?

पहिला फरक निबचा. ‘२०००’ची निब १४ कॅरेट सोन्याची, तर ‘सफारी’ची पोलादाची असते. पण कागदाला टेकते ते निबचे टोक. ते नीट घासलेले असेल, तर पोलादी निबही सुरेख चालते. दुसरा फरक शाई भरण्याचा. ‘२०००’मध्ये पिस्टनने थेट बाटलीतून शाई भरता येते, ‘सफारी’त कार्ट्रिज लागते.

म्हणून निवडताना तीन गोष्टी तपासा.

पकड : ‘सफारी’ची पकड तिकोनी आहे. पेन वेगळ्या पद्धतीने धरणाऱ्याला ती टोचू शकते. आधी हातात धरून पाहा.

निबची जाडी : युरोपीय निबची रेघ जपानी निबपेक्षा सहसा जाड उमटते. जाड निबने मराठी अक्षरांच्या गाठी भरून जातात. अक्षर लहान असेल तर ‘एफ’ किंवा ‘ईएफ’ घ्या. पुढे फक्त निबही बदलता येते.

शाई : लॅमीला तिचेच कार्ट्रिज लागते. बाटलीतली शाई वापरायची असेल तर कन्व्हर्टर हवा. तो बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा त्याचा खर्चही धरा.

रोजच्या लिखाणासाठी सोन्याच्या निबची वाट पाहायला नको. हाताला बसणारे पेन आणि योग्य जाडीची निब पुरेशी आहे.